मागच्या सीटचं वजन

कोल्हापूरच्या उद्यमनगरात काही लपवायचं म्हणजे अवघड काम. एका शेडमध्ये पाना खाली पडला, तर चौथ्या शेडमधला माणूस तो कितीचा पडला ते सांगतो. त्यामुळे मोटारसायकली हातानं बांधून देणारे सर्जेराव चौगुले रोज सकाळी आपल्या लांबलचक क्रूझर मोटारसायकलच्या मागच्या सीटवर गुळाचं पोतं बांधून बाहेर पडतात आणि अकराच्या सुमारास तेच पोतं घेऊन परत येतात, ही बातमी आठवड्याच्या आत सगळ्या गल्लीला झाली. पोत्यात दहा किलोचे पाच रवे, म्हणजे ढेपा, आणि वर किलो-किलोचे दोन, असा बावन्न किलो गूळ आहे, इथपर्यंत लोकांना माहीत झालं.

सर्जेरावांनी पहिल्यांदा सांगितलं, असळजच्या पाहुण्याकडे गूळ पोचवायचाय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पाहुणा घरात नव्हता. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी सांगणंच सोडलं. शेजारच्या शेडमधले दस्तगीर मुल्लाणी गेली पस्तीस वर्षं त्यांचे सुटे भाग लेथवर उतरवत आलेले. त्यांनी महिनाभर कळ काढली. मग एक दिवस पोत्याला मुंग्या लागलेल्या बघून त्यांच्यानं राहवेना.

“सर्जा, त्यो गूळ रोज असळजला जातोय आन् परत येतोय. त्येला कुणी हवापालट सांगितलाय व्हय?”

सर्जेराव हसले नाहीत. पोत्याची दोरी सोडता सोडता म्हणाले, “बावन किलो हाय.”

हा आकडा दस्तगीरच्या ओळखीचा होता. चौदा वर्षांपूर्वी याच गाडीची मागची सीट करताना सर्जेरावांच्या बायकोला, वैजयंताला, शेडमधल्या भंगार मोजायच्या काट्यावर उभं केलं होतं. ती लाजून लाल झाली होती आणि काटा बावन्नवर थांबला होता. वैजयंताला जाऊन आता पावणेदोन वर्षं झाली होती.

ही गाडी जमली ती दोन हजार तेहेतीस साली. तेव्हाच स्वतःची गाडी ठेवणं ही हौस होऊ लागली होती. चौकाचौकात भाड्याच्या बिनड्रायव्हरच्या स्कूटर उभ्या असायच्या. बसायचं, जायचं, सोडून द्यायची. त्या स्वतःचा तोल स्वतःच सांभाळायच्या, त्यामुळे बसणारा कोण, कसा, जाडा की बारीक, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. सर्जेरावांना अशा गाड्यांचा मनस्वी राग होता. जी गाडी सगळ्यांची ती कुणाचीच नाही, असं ते कुणीही न विचारता सांगायचे.

त्यांनी आपली क्रूझर डोक्यात आधीच बांधली होती. आठ फूट लांबी, पुढचा फोर्क चांगला पुढे काढलेला, सीट इतकी खाली की साडेपाच फुटी माणसाचे दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत. हँडल मागे वळून हातात यावं, हातांनी त्याच्याकडे जायला नको. पाय पुढे सोडून बसायला रुंद फूटबोर्ड. मागचं टायर वीतभर रुंद. टाकीत पेट्रोल नव्हतंच, बॅटरीची वायरिंग होती, पण टाकी थेंबाच्याच आकाराची हवी म्हणून त्यांनी तीन आठवडे पत्रा हातानं ठोकला. बॅटरीसाठी जुन्या इंजिनासारखी पंखेदार पेटी ओतून घेतली. दस्तगीरनी मोटरच्या दांड्यावर एका बाजूला जड असं वजन बसवून दिलं, म्हणजे बारकी कळ ओढली की पायाखाली जुन्या इंजिनाची धडधड लागायची. टाकीला जांभळासारखा रंग दिला. गाडी बघायला बिंदू चौकातून लोक यायचे.

वैजयंता आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “गड्याला आरामखुर्ची आन् बायकोला पाट. असली गाडी मला नको.”

सर्जेरावांना हे लागलं, कारण ते खरं होतं. मागची सीट म्हणजे मडगार्डवर ठेवलेली चतकोर भाकरी होती. त्यांनी गाडी अर्धी उघडली आणि मागून पुढे अशी नव्यानं बांधायला घेतली. वैजयंता साडी नेसायची आणि दोन्ही पाय डावीकडे सोडून बसायची. तिला दुसरं जमायचं नाही आणि जमवायचंही नव्हतं. म्हणून डाव्या बाजूला दोन्ही पाय मावतील असा लांब फूटबोर्ड झाला. त्याला बाहेरून कड ठेवली, कारण जुन्या मोटारसायकलवरून तिची एक चप्पल किणीजवळ हायवेवर पडली होती आणि ती बारा वर्षं त्यांना ऐकावी लागली होती. मागच्या चाकाला तांबटाकडून पितळी जाळीचा साडीगार्ड करून घेतला. सीटला पाठ टेकायला बुटका टेका दिला. आणि या सगळ्याखाली, चासीत, सर्जेरावांनी चार नळ्या शिकाऊ धातूच्या घातल्या.

शिकाऊ धातू हे उद्यमनगरानं दिलेलं नाव. कागदावरचं नाव लांबलचक होतं. निकेल आणि टायटॅनियमचा एक मिश्रधातू फार वर्षांपासून माहीत होता. त्याची चष्म्याची काडी वाकवली आणि गरम पाण्यात धरली, की ती पूर्वीच्या आकाराला यायची. धातूला आपला आकार आठवतो, असं लोक कौतुकानं म्हणायचे. पुढे प्रयोगशाळांनी त्यात आणखी दोन मूलद्रव्यं चिमूट-चिमूट घातली आणि एक वेगळाच गुण निघाला. या नव्या धातूवर तोच भार त्याच जागी हजारो वेळा पडला, की त्याच्या आतले सूक्ष्म कण त्या भाराच्या दिशेनं वळून बसायचे. माळावरून माणसं रोज एकाच बाजूनं गेली की पायवाट पडते, तसं. जिथे वजन जास्त तिथे नळी ताठ व्हायची, जिथे कमी तिथे मऊ राहायची.

यात चिप नव्हती, प्रोग्रॅम नव्हता. जे काही शिकलेलं ते धातूच्याच अंगात, त्यामुळे त्याची नक्कल काढून ठेवायची सोय नव्हती. कणांना हलायला रस्त्याचे हादरे लागायचे, म्हणून गाडी चालतानाच शिकायची. पाच-सहा हजार किलोमीटरांत तिला आपली माणसं ठाऊक व्हायची. उभ्या गाडीला ना नवं कळायचं, ना जुनं विसरायचं. कंपन्यांना या धातूचा उपयोग नव्हता. तासाला गिऱ्हाईक बदलणाऱ्या स्कूटरनं कुणाला शिकायचं? तो गेला कृत्रिम पाय करणाऱ्यांकडे, आणि सर्जेरावांसारख्या हट्टी लोकांकडे.

चारपैकी दोन नळ्या पुढे, चालवणाऱ्याच्या खाली, एक उजवीकडे एक डावीकडे. दोन मागे, वैजयंताखाली. ती डावीकडे पाय सोडून बसायची म्हणून मागची डावी नळी वर्षभरात ताठ झाली. गाडी डावीकडे जाऊ नये म्हणून सर्जेराव थोडे उजवीकडे कलायचे, म्हणून पुढची उजवी नळी ताठ झाली. दोन्ही मिळून गाडी अशी सरळ जायची की हँडल सोडावं. उद्यमनगरला सोमवारी सुट्टी. दर सोमवारी दोघं गगनबावड्याच्या रस्त्याला लागायचे. असळजला चहा आणि कांदाभजी, ढग असले तर घाटाच्या तोंडापर्यंत, नसले तर तिथूनच माघारी. बारा वर्षांत वैजयंतानं एकदाही जोरात चालवा म्हटलं नाही आणि एकदाही हळू चालवा म्हटलं नाही. कौतुक म्हणून तिनं एवढंच केलं, की सीटला नवं कातडं घालायला निघाले तेव्हा, “ऱ्हाऊ दे, आता बसलंय ते,” म्हणाली.

मग ती आठ दिवसांच्या तापात गेली. सर्जेरावांनी गाडीवर ताडपत्री टाकली ती सात महिने काढली नाही.

खंडेनवमीला उद्यमनगरात सगळी हत्यारं, सगळी यंत्रं धुऊनपुसून पुजतात. त्या वर्षी सर्जेरावांनी ताडपत्री काढली, टाकीला गंध लावलं, आणि पूजा झाल्यावर यंत्र चालवून बघायचं असतं म्हणून गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. हँडल उजवीकडे ओढत होतं. पहिल्यांदा वाटलं टायरमध्ये हवा कमी आहे. मग ध्यानात आलं. मागची डावी नळी डावीकडे बसलेल्या बाईला सावरत होती, आणि बाई नव्हती. सर्जेराव गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी थांबवून भर रस्त्यात रडले. पण त्यांना बरंही वाटलं. कुठेतरी कुणीतरी तिला अजून धरून होतं.

त्यानंतर ते रोज गाडी काढू लागले. ती ओढ हातात घ्यायला म्हणून रंकाळा, फुलेवाडी, बालिंगा, कळे, कधी असळज. वर्षात नऊ हजार किलोमीटर झाले. एकतीस गाड्या या धातूच्या बांधलेल्या माणसाला यातला धोका कळायला हवा होता, पण कळला नाही. रोज गाडी चालवून ते रोज थोडी थोडी वैजयंता पुसत होते. मागच्या डाव्या नळीवर भार नव्हता, हादरे होते, आणि नळी आपल्या स्वभावानं सैल होत चालली होती.

हे त्यांच्या ध्यानात आलं ते पुढच्या खंडेनवमीला. जुना कारागीर नळी ऐकून तपासतो. बारा-तेराचा पाना हलकेच मारायचा आणि नाद घ्यायचा. ताठ नळी खणखणीत वाजते, सैल नळी बसक्या आवाजात. मागची डावी नळी बसकी वाजली. त्यांनी पुन्हा मारलं, कान लावून मारलं. दुसऱ्या दिवशी ते शाहूपुरीत जाऊन गूळ घेऊन आले. नवा गूळ नुकताच निघायला लागला होता.

हिशेब त्यांच्या दृष्टीनं बिनचूक होता. बावन्न किलो, डावीकडे चार बोटं सरकवून बांधायचं, तोच रस्ता, तोच वेग. नळीला काय कळतंय, बाई आहे की गूळ? पहिल्या पंधरवड्यात नाद जरा चढला आणि त्यांनी त्या दिवशी दस्तगीरना चहा पाजला. मग नाद बदलू लागला. खणखणीत होण्याऐवजी एकाच जागी टणक, ठोकळा आपटावा तसा. गाडी सरळ रस्त्याला ठीक जायची आणि वळणावर हिसका द्यायची. बारा वर्षांत वळणावर कधी हिसका बसला नव्हता.

दस्तगीरना सगळं सांगितल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला नाही की थट्टा केली नाही. प्रणोतीला बोलव, एवढंच म्हणाले.

प्रणोती ही सर्जेरावांची एकुलती एक मुलगी. पुण्यात शिकाऊ धातूचे कृत्रिम पाय तपासायच्या प्रयोगशाळेत होती. कुणाचा पाय कसा शिकतोय, लंगडं चालणं तर शिकत नाही ना, हे बघायचं तिचं काम. बारा वर्षं पुण्यात राहून तिची भाषा धुतल्यासारखी झाली होती, पण कराड ओलांडलं की कोल्हापूरच्या बायकांसारखं ‘येते’चं ‘येतो’ व्हायचं. आई गेल्यापासून ती चारदा आली होती आणि चारही वेळा शेडकडे फिरकली नव्हती. फोनवर गाडीचं ऐकून मात्र तिनं दुसऱ्याच दिवशी एसटी पकडली.

तिनं बॅगेतून आठ बारके चिमटे काढले आणि नळ्यांना लावले. हे चिमटे धातूत अगदी बारीक नाद सोडायचे आणि परत आलेला ऐकायचे. पाना मारून सर्जेराव जे करायचे तेच, फक्त हजारपट बारकाईनं. पडद्यावर चासीचा नकाशा उमटला. मागची डावी नळी बघून तिनं तिथले चिमटे काढून पुन्हा लावले.

मग तिनं वडिलांना समजावून सांगितलं, जरा रागातच. माणूस मागे नुसता बसत नाही. वळण आलं की अंग सोडतो, खड्डा दिसला की उचलतो, पुढच्याच्या खांद्याला धरतो, चहाच्या टपरीजवळ आल्यावर मागे वळून बघतो. नळीला ते सगळं कळलेलं असतं. पोतं यातलं काहीच करत नाही. आईचं जे काही थोडं उरलं होतं, त्याच्यावर दीड महिन्यात तीन हजार किलोमीटर गूळ घोटला गेला होता.

“किती ऱ्हायलंय?” सर्जेरावांनी विचारलं.

“मागं काही नाही, पप्पा. मागं आता गूळच आहे.”

सर्जेराव हत्यारांच्या पेटीवर बसले. त्यांना एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं. चौदा वर्षांपूर्वी भंगाराच्या काट्यावर उभी राहिलेली बाई त्यांनीच आपल्या हातानं पुसली होती, पहिल्यांदा लळ्यापोटी आणि दुसऱ्यांदा शहाणपणापोटी. प्रणोतीही रडत होती. ती आई होती, गूळ नव्हता, असं काहीतरी ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं वडिलांसाठी पाणी आणलं.

थोड्या वेळानं ती कामाच्या गोष्टीला आली. तिचं म्हणणं साधं होतं. मागची नळी गेली, पण बाकीच्या तीन अजून तपासायच्या आहेत. त्यांत काही उरलं असेल तर आजच गाडी बंद करायची. बॅटरी काढायची, चाकं उचलून ठेवायची आणि पुन्हा एक किलोमीटरही चालवायची नाही. उभ्या गाडीतला धातू शंभर वर्षं तसाच राहतो. सर्जेरावांना हे पटतही होतं आणि घशाखाली उतरतही नव्हतं. वैजयंतासाठी बांधलेली गाडी ठोकळ्यांवर चढवून ठेवायची, म्हणजे तिला फोटोसारखं भिंतीला लावायचं. पण चालवली तर उरलंसुरलंही जाणार. यातलं काय करायचं ते त्यांना सुचेना.

आधी तपास पुरा होऊ दे, असं प्रणोती म्हणाली. पोतं उतरवून, मागची सीट मोकळी ठेवून, नेहमीसारखं फुलेवाडीपर्यंत जाऊन या. ती भाड्याच्या स्कूटरवरून मागून आली. चिमटे नळ्यांनाच होते.

परत आल्यावर तिनं नकाशा उघडला. पडद्याकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. दस्तगीरही हात पुसत येऊन उभे राहिले.

“पुढची उजवी नळी बघा,” ती म्हणाली. “एकदम ताजी आहे. आई कालच मागं बसून गेल्यासारखी.”

सर्जेरावांना अर्थ लागेना. तिनं बोट ठेवून दाखवलं. ती नळी आईच्या खालची नव्हती, त्यांच्याच खालची होती. आईचं वजन डावीकडे, म्हणून तोल धरायला ते उजवीकडे कलायचे. आई गेल्यावर ते सरळ बसले असते, तर पाच-सहा हजार किलोमीटरांत ही नळीही सैल पडली असती. आई गेल्यापासून बारा हजार झाले होते. पहिल्यांदा तिला वाटलं, हा गुळाचाच परिणाम. पोत्यामुळे पप्पा पुन्हा कलायला लागले असतील. पण आता पोतं नव्हतं आणि ती मागून बघत होती. फुलेवाडीपर्यंत सबंध रस्ता त्यांचा उजवा खांदा खाली होता.

“तुम्ही अजून दोघांचीच गाडी चालवताय, पप्पा. मागची सीट मोकळी आहे आणि तुम्ही तिला सावरताय. आई त्या नळीत नव्हतीच राहिली. ती तुमच्या बसण्यात आहे. म्हणजे आता गाडी बंद नाही करायची. उलट चालवायची.”

प्रणोतीच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. दस्तगीरनी डोळ्यांवरून बाही फिरवली. सर्जेराव मात्र बोलले तेव्हा त्यांच्या आवाजात राग होता, म्हटलं तर भीती होती.

“हे मला सांगाय नको हुतंस.”

का, असं तिनं विचारलं.

“मला म्हाईत न्हवतं तंवर त्ये आपसूक हुतं. आता गाडीवर बसलो की त्येच मनात येणार. कललोय का, किती कललोय. मग त्ये सोंग झालं की गं. गुळासारखंच.”

प्रणोतीचा चेहरा पडला. तिच्या प्रयोगशाळेत हेच पहिल्या दिवशी शिकवलेलं, की रुग्णाला त्याच्या चालीबद्दल सांगायचं नाही. सांगितलं की चाल बदलते. नव्या पायावर झोकात चालणारी माणसं, कुणीतरी कौतुक केल्याबरोबर अडखळलेली तिनं बघितली होती. तिला ते ठाऊक होतं आणि वडिलांना समोर बघून ती विसरली.

दस्तगीर म्हणाले, “जा, जरा हिंडून ये. हितं बसून काय हुणार हाय?”

सर्जेरावांनी हेल्मेट घातलं. प्रणोती मागे बसायला पुढे आली. त्यांनी हातानंच नको म्हटलं.

भीती खोटी नव्हती. गल्लीच्या तोंडालाच त्यांना आपली पाठ जाणवायला लागली. उजव्या मांडीवर जास्त भार आहे का? आहे. मुद्दाम आहे की आपसूक? कळायला मार्ग नव्हता. रंकाळ्यापर्यंत त्यांनी कलून बघितलं आणि ते इतकं खोटं वाटलं की स्वतःचाच राग आला. मग ते हट्टानं सरळ बसले. दोन्ही मांड्यांवर सारखं वजन, खांदे एका रेषेत. गाडी भलतीकडेच जायला लागली. पुढून बायकोची शिकवण, मागून गुळाची, आणि वर हा ताठ बसलेला परका माणूस. फुलेवाडी गेली. बालिंग्याचा पूल गेला. त्यांना वाटलं, संपलं. जे सात महिने ताडपत्रीखाली टिकलं, बारा हजार किलोमीटर टिकलं, ते मुलीच्या एका वाक्यानं गेलं.

पुढे ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची रांग होती, बिनड्रायव्हरच्या, एकामागून एक शिस्तीत चाललेल्या. रस्त्यावर पाचट सांडलं होतं. कुठल्यातरी गुऱ्हाळाचा वास येत होता. त्या वासाचा त्यांना मनस्वी तिटकारा आला होता, आणि त्यावर चिडता चिडता ते रांगेच्या मागे मागे चालले. एक ट्रॉली गावात वळली, रस्ता मोकळा झाला आणि पुढे स्पीडब्रेकर दिसला. त्यांनी वेग कमी केला.

“धर.”

कोण बोललं ते त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं, की तेच बोलले होते. मान अर्धवट डावीकडे वळवून, हेल्मेटमधल्या हेल्मेटमध्ये, हळू आवाजात.

त्यांनी गाडी कडेला घेतली. पाय टेकून उभे राहिले. बारा वर्षं प्रत्येक स्पीडब्रेकरला ते हे म्हणत आले होते, त्यात विशेष काही नव्हतं. पण ती गेल्यावर? रोज सकाळी, याच रस्त्यानं, प्रत्येक स्पीडब्रेकरला आपण हे म्हणत होतो की काय? त्यांनी आठवून बघितलं आणि त्यांना आठवेना. आज ते स्वतःकडे कान लावून बसले होते म्हणून ऐकू आलं. यंत्राला ते ऐकू आलं नसतं, प्रणोतीच्या चिमट्यांनाही नाही. कुठल्या नळीत ते नव्हतं. वैजयंताची त्यांना इतकी आठवण आली की हेल्मेट काढून हँडलला अडकवावं लागलं, कारण आत काही दिसेना.

एक ट्रॉली शेजारून गेली. मग दुसरी. त्यांनी तोंड पुसलं, हेल्मेट चढवलं आणि गाडी रस्त्यावर घेतली. आपण सरळ बसलोय की कललोय, हे त्यांनी बघितलं नाही. गाडी बंद करायची की चालवायची, हा प्रश्न आता प्रश्न राहिला नव्हता. चालवायचीच. नळ्यांचं काय व्हायचं ते होवो.

पुढचा स्पीडब्रेकर शाळेसमोर होता, जरा उंच. सर्जेरावांनी लांबूनच वेग कमी केला आणि या वेळी मुद्दाम, मागे बसलेल्याला नीट ऐकू जाईल असं, जरा मोठ्यानं म्हणाले, “वैजू, धर.”

आणि गाडी अलगद पलीकडे उतरवली.